तिसरा प्रकार

लिहिण्याचे धाडस करतो आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलेले नाही, आणि मीही आजवर बहुतेक दुसऱ्यांचेच लिहून काढले आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही. ती जशी आठवते तशी सांगतो.

दुसरी मोठी लढाई संपली होती, कागद मात्र अजून कंट्रोलात होता, परवान्यावरच मिळे. मी नगरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या गणिताच्या सरांनी शाळांसाठी मराठीत भूमितीचे पुस्तक काढायचे ठरवले. पाच शिक्षक, पाच प्रकरणे. हस्तलिखिते आली तेव्हा कळले की पाच गावांत पाच भूमित्या आहेत. एकाचा त्रिकोण अ-ब-क, दुसऱ्याचा प-फ-म, तिसरे गृहस्थ इंग्रजी अक्षरांवाचून हलायलाच तयार नाहीत. हे सगळे एकसारखे करून छापखान्यासाठी स्वच्छ प्रत लिहायचे काम सरांनी मला दिले.

"चिन्हं बदल," ते म्हणाले, "वाक्यं बदलू नकोस. वाक्य ज्याचं त्याचं."

दुपारी वसतिगृहाच्या ओट्यावर, कडुलिंबाखाली मी लिहीत बसे. पानांतून ऊन कागदावर पडे आणि त्याचे ठिपके गोल असत. का गोल, कोण जाणे. मी पेन्सिलीने एखाद्याचे केंद्र शोधू लागे, तोवर तो सरकलेला असे. त्या दिवसांत मला सगळीकडे वर्तुळेच दिसत. विहिरीचे तोंड, भाकरी, बैलाच्या डोळ्यातले आभाळ. सुटीत राहात्याला घरी गेलो तर आईने विचारले, "काय काम करतूस रं तिथं?"

"दुसऱ्यांनी लिहिलेलं पुन्हा लिहितो."

"मंग त्यांनी काय केलं?"

तो प्रश्न घेऊनच मी नगरला परत आलो.

वर्तुळाचे प्रकरण राहुरीच्या एका निवृत्त गुरुजींचे होते. चाळीस वर्षे शिकवून त्यांचे हे पहिलेच छापील लिखाण व्हायचे होते. अक्षर मोठे, जरा कापरे, पण भाषा अशी की वाचताना कोणी शेजारी बसून सांगते आहे असे वाटे. एका जागी मी अडखळलो. केंद्रापाशी होणारा कोन परिघावरच्या कोनाच्या दुप्पट असतो, हे त्यांना सिद्ध करायचे होते. केंद्र परिघावरच्या कोनाच्या बाजूवर असेल, आत असेल किंवा बाहेर असेल. गुरुजींनी पहिले दोन प्रकार लिहिले होते. तिसरा नव्हता.

तीन दिवस मी ती जागा कोरी ठेवून पुढचे लिहीत राहिलो. चौथ्या दिवशी, ठिपके सरकत असताना, माझ्या हातून सहा ओळी उतरल्या. दुसऱ्या प्रकारात बेरीज होती, इथे वजाबाकी, एवढेच. नवी आकृती काढली असती तर तिचा ठसा करवावा लागला असता आणि सर्वांना कळले असते, म्हणून आकृती लागणारच नाही अशा बेताने लिहिल्या. त्या बेताची मला आजही लाज वाटते.

छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवणारे एक गृहस्थ होते; त्यांना सगळे मामा म्हणत. शिशाची उलटी अक्षरे ते सुलट्यासारखी वाचत.

"काय कॉलेजवाले, आजबी गोलच आनलाय व्हय? कंस संपल्यात माज्याकडं. आता लग्नपत्रिकेत वधूच्या बापाचं गाव कंसात टाकता येत न्हाई. लोकं भांडायला येत्यात."

माझ्या सहा ओळी त्यांनी जुळवल्या. त्या शिशात उलट्या उभ्या होत्या आणि कुणाच्याच वाटत नव्हत्या.

मुद्रिते, म्हणजे तपासायची कच्ची छपाई, आली. सर चाळता चाळता म्हणाले, "गुरुजींनी तिन्ही प्रकार घेतलेत. वा!" मी पुढचे पान त्यांच्यासमोर ठेवले.

मुद्रिते दाखवायला मी आगगाडीने राहुरीला गेलो. वाटेत निश्चय केला होता की सांगून टाकायचे. गुरुजी अंगणात बाजेवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"वाचा, मला दिसत नाही," ते म्हणाले.

मी वाचत गेलो. तिसरा प्रकार आला. वगळावा असे वाटले, पण आवाज थांबला नाही. कुंपणावर बसलेला होला उडून गेला.

"पुढं," ते म्हणाले.

निघताना कागद त्यांनी ठेवून घेतले. "डोळ्याचं काम करून घेतो, मग स्वतः बघतो. तोवर छापू नका."

गुरुजींना सांगता आले नव्हते; दुसऱ्याच दिवशी मी सरांना सगळे सांगितले. सर रागावले असते तर बरे झाले असते. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांनी प्रकरण परत मागितलं तर आपण देऊ. पुस्तक चारच प्रकरणांचं होईल. चाळीस वर्षं त्यांनी वाट पाहिली, आणि तू त्यांच्या तोंडी आपलं वाक्य घातलंस."

मग वाट पाहणे. मामा दर आठवड्याला म्हणत, "तुमच्या गुरुजींनी माजं शिसं अडवून धरलंय. सोडू का पानं?" सोडू म्हणजे अक्षरे सुटी करून पुन्हा आपापल्या खणांत टाकू. मी हात जोडत असे. दोऱ्याने बांधलेली ती पाने कोपऱ्यात धूळ खात होती. माझ्या स्वप्नात त्यातली अक्षरे एकेक करून उठत आणि राहुरीच्या वाटेला लागत. ठिपके मात्र ओट्यावर रोज येत. मी त्यांचे केंद्र शोधणे सोडून दिले होते.

कडुलिंबाला मोहोर आला तेव्हा सरांनी बोलावले. टेबलावर टपालाने परत आलेले मुद्रितांचे पुडके होते. गुरुजींना नवा जाड चष्मा मिळाला होता. सरांनी त्यातले तिसऱ्या प्रकाराचे पान माझ्यासमोर सरकवले. समासात तेच मोठे अक्षर होते, आता न कापणारे:

"तिसरा प्रकार माझा नाही. शाळेतही मी तो कधी फळ्यावर लिहिला नाही. तो मुलांनी घरून करून आणायचा असे. ज्याने करून आणला आहे, त्याची चौथी ओळ अनावश्यक आहे. ती काढावी. बाकी बरोबर. छापावे."