हात सैल सोडा

मला मधुमेह वडिलांकडून मिळाला आणि तापट स्वभाव आईकडून. पहिल्यापायी दर गुरुवारी परळच्या धर्मादाय दवाखान्यात जावं लागे, आणि तिथल्या बाकावर बसलं की दुसऱ्याला भरपूर काम मिळे. शाळेत मुलं दुर्गाबाई विजयकरांना, म्हणजे मला, टरकून असत. दवाखान्यात मी चिंतामणीला टरकून असे.

चिंतामणी हा रक्त काढणारा. त्या काळी घरच्या घरी रक्त तपासायची सोय नव्हती. उपाशीपोटी रांगेत बसायचं आणि नंबर आला की बोट पुढे करायचं. पोस्टात शिक्के मारावेत तसा तो बोटं टोचायचा. सुई उकळून उकळून बोथट झालेली, आणि टोचायची ती बोटाच्या टोकाला अगदी मधोमध, जिथे सगळ्यात जास्त झोंबतं तिथे. पुरेसं रक्त आलं नाही की पुन्हा टोच. मग पुढे काही दिवस फळ्यावर खडू धरताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

माझ्या शेजारी जाईबाई बसायची. करी रोडला राहणारी, मूळची मालवणकडची, गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला. नवरा दौलत त्याच गिरणीत. संयुक्त महाराष्ट्राचा एकही मोर्चा या बाईने सोडला नव्हता. पोलिसाची लाठी खांद्यावर बसली तेव्हा तिने त्यालाच थांबवून, तुझी आवस खंयची रे, म्हणजे तुझी आई कुठली, असं विचारलं होतं, आणि ते ती मला मोठ्या चवीने सांगायची.

अशाच एका मोर्चात तिची चप्पल तुटली. भायखळ्यापासून फाउंटनपर्यंत ती घोषणा देत अनवाणी चालली. तळव्यात काच घुसल्याचं तिला कळलं ते घरी पोचल्यावर, लादीवरचे रक्ताचे ठसे बघून. मधुमेहाने पाय असे बधिर होतात. जखम काही भरेना. डॉक्टर कोठाऱ्यांनी तिला स्पष्ट सांगितलं, की साखर उतरली नाही तर पाय कापावा लागेल. लघवीच्या तपासणीवरून नुसता अंदाज येतो. इन्शुलिन नेमकं किती द्यायचं ते ठरवायला दर आठवड्याला रक्त हवं.

आणि नेमकं तेव्हाच जाईबाईने रक्त द्यायचं बंद केलं. तिचं पोट बोटांवर होतं. तुटलेला धागा चिमटीत धरायचा आणि गाठ मारायची, दिवसभर तेच. टोचलेल्या बोटाने गाठ बसत नसे, काम मागे पडे, मुकादम चारचौघींत बोले. "पायाक काय कळणा नाय, बोटाक मात्र सगळा कळता," ती म्हणाली, जुन्याच मापाचं इंजेक्शन घेतलं आणि लंगडत निघून गेली. मी तिला वर्गातल्या पोरांना ओरडते तशी ओरडले. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच केलं.

पुढे चिंतामणीला दुसरीकडे नोकरी लागली आणि त्याच्या जागी मालन आली. ती लालबागच्या दत्ताराम कासाराची मुलगी. लग्नाआधीपासूनच तिचा हात बापापेक्षा हलका होता. आवळ बांगडी भरायची तर बायका मालनलाच शोधत. ऐन तारुण्यात नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी पाठवलं, आणि त्याच बायका आता टोपलीपाशी दत्तारामची वाट बघू लागल्या. विधवेच्या हातून बांगडी कोण भरून घेणार? कोणी तोंडावर काही बोललं नाही, एवढाच काय तो त्यांचा मोठेपणा. मालन दवाखान्यात बाटल्या धुवायला लागली आणि चिकाटीने प्रयोगशाळेतलं काम शिकली.

तिचं टोचणं बघण्यासारखं होतं. आदल्या दिवशी दगडावर सुया घासून ती त्यांना धार लावायची, प्रत्येक सुई आधी स्वतःच्या बोटाला टोचून बघायची आणि मग उकळायला टाकायची. शेजारी कोमट पाण्याचं भांडं. त्यात हात बुडवायला सांगायची, पुसायची, मग हात खाली सोडून मनगटापासून बोटाकडे चोळत आणायची. स्पिरिट लावलं की ते पुरतं वाळू द्यायची, कारण ओल्यावर टोचलं तर आग होते. डॉक्टर रांग बघून कुरकुरले, की इतका वेळ लावलास तर दुपार होईल. मालन हो म्हणाली आणि तेवढाच वेळ लावत राहिली. मला ही बाई तिथेच आवडली.

जाईबाई मात्र तिच्यापुढेही हात पदराखाली घेऊन बसली. मालनने सुई बाजूला ठेवली आणि तुम्ही काम कुठलं करता, एवढंच विचारलं. गाठ कुठल्या बोटांनी मारता, तेही विचारलं. जाईबाईने उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी दाखवली, डाव्या हाताचीही तीच बोटं दाखवली. मालनने तिचा डावा हात हातात घेतला, करंगळीशेजारचं बोट निवडलं आणि आपल्या बोटांत पक्कं धरलं.

"मावशी, हात सैल सोडा. बांगडी भरताना सोडता तसा."

जाईबाईने चमकून वर पाहिलं. तो दाब तिच्या हाताच्या ओळखीचा होता. "तू कासाराची गो?"

"होते," मालन म्हणाली, आणि तेवढ्यात तिने बोटाच्या कडेला टोचलं होतं. रक्ताचा टपोरा थेंब आला, तिने तो नळीत ओढून घेतला. जाईबाईची नजर मालनच्या मोकळ्या मनगटांवर होती. हात मात्र तिने मागे घेतला नाही.

त्यानंतर तिचा एकही गुरुवार चुकला नाही. रक्ताप्रमाणे इन्शुलिन वाढलं, साखर उतरली, जखम कडेकडेने भरत आली. गिरणीतलं कामही चालू राहिलं. पाय वाचला असं डॉक्टर म्हणाले तेव्हा बाकावर बसून मी रडले, आणि जाईबाईनेच माझी समजूत काढली.

महाराष्ट्र झाला त्याच मे महिन्यात जाईबाईच्या शेवंतीचं लग्न निघालं. चाळीवरची तोरणं अजून उतरली नव्हती. चुडा भरायच्या दिवशी मला बोलावणं होतं, मालनलाही होतं. ती दाराजवळ, सगळ्यांच्या मागे बसली. दत्ताराम हिरव्या बांगड्यांची टोपली उघडून शेवंतीचा हात धरणार, एवढ्यात जाईबाई उठली आणि सगळ्या बायकांना ओलांडून मालनपाशी गेली.

मालनचा चेहरा उतरला. "नको, मावशी. पोरीचं लग्न आहे."

बायकांत कुजबुज सुरू झाली. माझ्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं, पण जाईबाईने कोणालाच वेळ दिला नाही. भरलेल्या जखमेचा पाय पुढे टाकून ती उभी राहिली.

"हिच्या हातान माझो पाय रवलो. माझ्या चेडवाचो चुडो हीच भरतली."

दत्ताराम मुकाट्याने बाजूला सरकला. मालन येऊन बसली. मग तिने शेवंतीचा हात धरला, हात सैल सोड म्हणाली, आणि बाप एकेक बांगडी पुढे करत गेला तशी ती चढवत गेली. एकही वाढवली नाही.

चुडा भरून झाला की कासाराला नमस्कार करायची रीत आहे. शेवंती मालनपुढे वाकली. मालनचे हात मांडीवरच राहिले. तिने बापाकडे पाहिलं.

"दे की आशीर्वाद," दत्ताराम म्हणाला. "चुडा तू भरलास."

मालनने हात उचलला आणि शेवंतीच्या डोक्यावर ठेवला.