बर्फाच्या कप्प्यातलं बेअरिंग

आमची सूनबाई घरोघरी जाऊन शिलाई मशीनं दुरुस्त करते. तिला गाणं येत नाही, पण यंत्राचा सूर जरा चुकला की बाई जेवत नाही. ती फिरते ती तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या व्याह्यांनी दिलेल्या जुन्या गाडीतून. देतानाच त्यांनी अट घातली होती, "वर्षभर नीट सांभाळलीस तर तुझी. नाहीतर मी परत नेणार." वर्ष भरत आलं आणि पुढचं उजवं चाक घुं घुं करायला लागलं. रविवारी संध्याकाळी पाचला व्याही गाडी बघायला येणार.

"बेअरिंग गेलंय," सूनबाई म्हणाली. "घरीच बदलते."

रविवारी सकाळी तिनं नवं बेअरिंग डब्यात घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. लोखंड गारठलं की किंचित आकसतं, मग आपल्या खोबणीत सहज जातं.

यावरून मला आमच्या गावचा लोहार आठवला. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची तर तो ती लालभडक तापवायचा. तापली की फुगायची, चाकावर बसायची, पाणी ओतलं की आवळायची. मी हे रंगवून सांगितलं. एरवी माझ्या गोष्टी सुरू झाल्या की आमची ही भांडी आपटते. त्या दिवशी मात्र तिनं लक्ष देऊन ऐकलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

दुपारी अंगणात गाडी टेकूंवर, चाक बाजूला, जुनं बेअरिंग बाहेर. सूनबाईनं हाक मारली, "आई, तेवढा डबा द्या."

हिनं फडक्यात गुंडाळून आणलं. "घे. तव्यावर छान कोमट केलंय. तू चुकून बर्फात ठेवलं होतंस."

सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. मी झाडाकडे बघितलं.

"आई, धाव बाहेरून बसते. हे आत बसायचंय."

बेअरिंग पुन्हा बर्फात गेलं आणि तेवढ्यात व्याही फाटकात उभे. एक चाक नसलेली गाडी बघून म्हणाले, "वाटलंच होतं. उद्या गाडी ओढून न्यायला माणूस बोलावतो."

"अप्पा, पाच वाजायचेत अजून," सूनबाई म्हणाली. तिनं केस वाळवायचं यंत्र आणून खोबणीवर गरम हवा सोडली. हिनं ते तिच्या हातातून काढून घेतलं. "तापवायचं काम माझ्याकडे दे. हौस राहिलीय माझी."

गार बेअरिंग आलं. व्याह्यांनी हातोडी उचलली. "सरक, दोन ठोके घालतो."

"ठेवा ती खाली. ठोकलं तर हेही आजच गायला लागेल."

लांब बोल्ट आरपार घालून, दोन्हीकडे जाड चकत्या लावून ती पान्यानं नट फिरवत गेली. बेअरिंग मुकाट आत सरकलं. मग ते जागेवर धरून ठेवणारी खिटी, बाकीची जोडणी, चाक.

सूनबाईनं गाडी चालवून बघायला काढली. व्याही शेजारी बसले ते कान खिडकीबाहेर काढूनच. गल्ल्यागल्ल्यांतून फिरून दोघं परत आली. घुं घुं गेलं होतं. व्याह्यांनी बसल्या जागी एकेक बटण दाबून बघितलं.

"वायपर कुरकुरतो," शेवटी म्हणाले.

"पाऊस नाहीये, अप्पा."

त्यांनी खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढली. वर्षभर स्वतःकडेच ठेवली होती. ती तिच्या ग्रीसनं माखलेल्या तळव्यावर ठेवून म्हणाले, "बस स्टॉपपर्यंत सोड मला."

"चला, मीही येतो," मी म्हणालो. "तुम्हाला धावेची गोष्ट सांगायची राहिलीय."

व्याह्यांनी काच वर केली.