ना तिथीला, ना तारखेला

रंभा खानविलकरनं यंदा एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही कामाला हात लावण्याआधी. शारजातल्या आपल्या हॉलमध्ये, मराठी मंडळाच्या समितीच्या पुढ्यात चहाचा ट्रे ठेवता ठेवता ती म्हणाली, "एक सांगून ठेवते हं. यंदाचा शिवराज्याभिषेक सोहळा मी खुर्चीत बसून बघणार. ह्यांना रुवैसहून सुट्टी मिळतेय. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसणार. मी कशातच नाही."

"अर्थातच वहिनी!" तन्मय सर म्हणाले. सर मंडळाचे अध्यक्ष, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि 'बेसिकली' म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य दारातून बाहेर पडत नसे. "बेसिकली तुम्ही फक्त यायचं. नटायचं. बसायचं. खलास!"

आणि त्यांनी तिनं तळलेला तिसरा साबुदाणावडा उचलला.

मागणी तशी लहानच होती. सुरेश रुवैसच्या रिफायनरीत; पाळ्या बदलत्या, घर चार तासांवर. गणपतीला त्याची पाळी यायची, आणि दिवाळी पहाटेला तो यायचा तेव्हा रंभा पडद्यामागे फराळाच्या पिशव्या भरत असायची. मंडळाच्या फोटोंत ती असलीच तर कडेला अर्धा हात, आणि त्या हातात ताट. सकाळी शारजाच्या ट्रॅफिकमधून जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसात, संध्याकाळी त्याच ट्रॅफिकमधून परत, आणि लाल सिग्नलला मंडळाचे फोन. कधीपासून दमलोय हेही तिला आता आठवत नव्हतं.

"तर, सहा जून," तन्मय सर म्हणाले. "आमच्या व्हिलांच्या कंपाउंडची बाग. लॉनवर दरबार. बेसिकली, गार्डन पार्टी, पण आपल्या राजाची."

"एक मिनिट." धनंजय पटवर्धननं चष्मा काढला. तो चष्मा काढायचा तेव्हा समितीतले सगळे मोबाईल काढायचे. "एक लक्षात घ्या. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला झाला. तिथीनं नऊ जून येते. महाराजांच्या दरबारात इंग्रजी कॅलेंडर टांगलेलं नव्हतं."

"अरे, नऊला सोमवार आहे!" तन्मय सर उसळले.

"मग? तत्त्वाला वीकएंड असतो का?"

"तुझ्या तत्त्वाला असेल. माझ्या बॉसला नाही."

"गाईज, गाईज," संजना म्हणाली. ती सजावटीची प्रमुख, आणि कुठल्याही भांडणावर तिच्याकडे रंग असायचा. "दोन्ही दिवशी भगवाच छान दिसतो ना?"

मतदान झालं. तारीख जिंकली. धनंजयनं 'निषेध' हा शब्द तीनदा उच्चारला आणि वडा घेतला. मग निघताना, चपला घालता घालता, एकेक 'फक्त' सुरू झालं. वहिनी, फक्त फेट्यांचं तेवढं सांगून ठेवा, माणूस तुमच्या ओळखीचा. वहिनी, पन्हं फक्त तुम्हीच करा हं, बाहेरचं नको ना. आणि बेसिकली वहिनी, कंपाउंडच्या मॅनेजरशी फक्त एकदा बोलून घ्याल? तो माझं ऐकत नाही.

दार बंद झालं. आतल्या खोलीतून अवनी, रंभाची लेक, बाहेर आली. "आई, यू सेड यू वोन्ट डू एनीथिंग."

"कुठं काय करतेय? फक्त फोन."

"देअर आर थ्री फक्तज ऑलरेडी."

रंभानं मॅनेजरला फोन करेपर्यंत आमंत्रणं सगळ्यांच्या फोनवर जाऊन पडली होती. मॅनेजर अहमद, स्वर मधाचा आणि उत्तर दगडाचं.

"सिक्स्थ जून? मॅडम, ईद!"

"ईद सहाला आहे?"

"चांद दिसला तर सहा. नाही दिसला तर सात. इन्शाल्ला. लॉन दोन्ही दिवस बुक आहे, मॅडम. पूर्ण कंपाउंडची दावत."

रंभा कपाळाला हात लावून सिग्नलला थांबून राहिली. इतकी वर्षं ह्या देशात काढली, ईदच्या सुट्टीवर इंडियाची तिकिटं ठरवली, आणि अख्ख्या समितीतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. तिथी की तारीख म्हणून घसा सुकेपर्यंत भांडले, आणि इथल्या चंद्राला कुणी विचारलंच नाही. मागचा गाडीवाला हॉर्नवर हात ठेवून होता.

समितीची बैठक पुन्हा तिच्याच घरी. आता धनंजयचा चेहरा उजळला होता. "मी म्हणत होतो! चंद्रावर चाला! हे लोक चालतात, आपण लाजतो. नऊ जून!"

"नऊला आमची पोरं नाय येत," कोपऱ्यातून बाबाजी म्हणाला. संगमेश्वरकडचा बाबाजी बांधकामावर परांची बांधायचा, आणि त्याच्या कॅम्पातल्या पोरांचं लेझीम पथक हा ह्या सोहळ्याचा जीव. "सोमवारी साईट चालू. रविवारपत्तुर ईदची सुट्टी हाय, तेवडीच. वैनी, तुमी सांगाल तसं."

सगळे रंभाकडे बघू लागले. तिनं मनात हिशेब केला. सुरेशला सोमवारी पहाटे पाळीवर हजर व्हायचं होतं.

"आठ जून," ती म्हणाली. "रविवार. लॉन रिकामं आहे, मी अहमदला विचारलंय."

"आठ?" धनंजयचा आवाज फुटला. "ना तिथी, ना तारीख! म्हणजे छत्रपतींचा राज्याभिषेक आपण पार्किंग मिळतं त्या दिवशी करायचा?"

"हो," रंभा म्हणाली. तिला वाद घालायची ताकदच नव्हती, म्हणून तो 'हो' फार ठाम वाटला. धनंजयनं चष्मा परत घातला.

आठ जूनला ऊन कलल्यावरसुद्धा हवा उकडलेल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. संजनाच्या झेंडूच्या माळा तासाभरात माना टाकून बसल्या. भगव्या मंडपाखाली महाराजांची मूर्ती, पुढं रांगोळी, आणि फेट्यांखालून वाहणारा घाम. धनंजय आला होता. भेटेल त्याला सांगत होता, "मी निषेध नोंदवायला आलोय," आणि त्याचा फेटा सगळ्यांत देखणा होता. रंभा दुपारपासून उभी होती. फेटे आले, पन्हं आलं, बर्फ कमी पडला, बर्फ आला. अहमदला स्पीकरचा आवाज मोठा वाटला, मग लहान केला, मग तन्मय सरांना तो लहान वाटला.

सुरेश पहिल्या रांगेत बसला होता. शेजारच्या खुर्चीवर त्यानं आपला रुमाल ठेवला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "बसू नका, आहे कुणीतरी."

बाबाजीच्या पोरांनी ओळी धरल्या. रंभानं पदराला हात पुसले, चालत गेली आणि रुमाल उचलून बसली.

"आलीस?" सुरेश म्हणाला.

"आले."

"वहिनीऽऽ!" मंडपातून संजना. "गुलाबपाणी कुठंय?"

निळ्या बर्फपेटीमागे, उजवीकडे, वर टॉवेल टाकलेला. रंभाच्या जिभेवर आलं, पाय सवयीनं जमिनीवर रोवले गेले, गुडघे उचलूही लागले.

"माहीत नाही," ती मोठ्यानं म्हणाली.

रंभावहिनीला माहीत नाही, असं आजवर झालंच नव्हतं. "बेसिकली…" तन्मय सर म्हणाले आणि टेबलावरचे ग्लास सरकवू लागले. धनंजय चष्मा काढून टेबलाखाली वाकला. संजना एकेक पेटी उघडू लागली. चुकीची पेटी. परत चुकीची. निरांजन वाऱ्यानं विझलं, आणि काडेपेटी कुणाकडे तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"बघ जा हवं तर," सुरेश हळूच म्हणाला. "तुझा जीव तिकडेच आहे."

"आहेच," रंभा म्हणाली. "राहू दे तिकडे. मी इथं बसते."

लेझीम सुरू झाली. पोरं वाकत होती, उठत होती, बांधकामाच्या उन्हात रापलेले हात एका ठेक्यात छमछमत होते. रंभाला ताल नीट ऐकूही येईना. पाय ठणकत होते, कानांत दुपारचे फोन अजून वाजत होते. तिनं चपला काढून पाय हिरवळीवर टेकवले. हिरवळ कोमट होती. मागून कुणीतरी परत "वहिनी" म्हणालं. तिनं मान वळवली नाही. सुरेशनं आपला पन्ह्याचा ग्लास तिच्या हातात दिला आणि ती, घोट घोट, संपेपर्यंत पीत राहिली.