बुचावरचं कुंकू

“ही ती वाईन न्हाई! त्या इटलीतल्या म्हाताऱ्यानं सोताच्या हातानं ओतलीय मला. चव जिभेवर हाय!”

लोणी काळभोरकडचे एक बागायतदार पुण्यातल्या बड्या हॉटेलात गरजत होते. लेकीच्या साखरपुड्याचं जेवण होतं. आवाज असा, की खडकीतल्या पलटणीनं बंदुका खांद्यावर घेतल्या असतील. हा प्रसंग मी विसरलेलो नाही. सांगताना तो आवाज दरवेळी थोडा वाढतो, एवढंच.

मी त्या हद्दीचा वरिष्ठ पोलीस निरीक्षक, तक्रार आली म्हणून पोचलेलो. इटलीतल्या एका घराण्यानं चार पिढ्या खपून नावारूपाला आणलेली ती तांबडी वाईन; बागायतदार त्यांच्या मळ्यावर जाऊन आलेले. हॉटेलच्या मॅनेजरनं थेट वाढणाऱ्या वेटरकडे बोट केलं, कारण कोठीची किल्ली त्याच्याकडे. गडी वर्ध्याकडचा, बारा वर्षांची नोकरी.

“साहेब, सीलबंद बाटली यांच्यासमोरच उघडली जी,” तो म्हणाला. “बूच टेबलावरच हाये.”

“याला आत घ्या. कामावरून तर मी काढतोच,” मॅनेजर.

“आपण हॉटेल चालवा. कोठडी मी चालवतो.”

बूच उचललं. वरच्या टोकाला लाल ठिपका. पण वाईन लागते ती बुचाच्या खालच्या अंगाला. बोट फिरवलं, तर कोरडं कुंकू, कडेला हळद! इटलीतल्या चार पिढ्या कितीही धार्मिक असोत, बुचाला हळदकुंकू वाहणार नाहीत. कोठीतल्या उरलेल्या पाच सीलबंद बाटल्या पंचांसमोर उघडल्या. पाचही बुचांवर तेच. म्हणजे माल बाहेरूनच बनावट आला होता. वेटरला मी तिथेच घरी पाठवलं, पण खरा माणूस सापडेपर्यंत त्याची नोकरी टांगलेलीच होती.

तिसऱ्या दिवशी खबर आली. एक भंगारवाला म्हणाला, “कसब्यातला एक छापखानावाला विदेशी दारूच्या रिकाम्या बाटल्या घेतो. लेबलाला ओरखडा चालत नाही त्याला.”

छापा घातला. मागच्या खोलीत बूच दाबायचं हातयंत्र मिळालं. दसरा होऊन पंधरवडा झालेला. यंत्राच्या दट्ट्याला पूजेचं हळदकुंकू तसंच. प्रत्येक बुचावर त्याचा शिक्का उठत होता.

मालक साठीचे, इस्त्रीचा सदरा. चार तास एकच पालुपद: “अहो, मी लग्नपत्रिका छापतो.” मी सिंहासारखी डरकाळी फोडली. हवालदारांच्या मते मी खोकलो. गृहस्थ ढिम्म. शेवटी सहा बुचं ओळीनं मांडली आणि शेजारी यंत्र ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, पाणी मागितलं आणि सगळं ओकून टाकलं.

मॅनेजरला मी सगळ्या नोकरांदेखत वेटरची माफी मागायला लावली. त्या दिवसापासून एक शिकलो: माणूस साऱ्या जगाची नक्कल करेल, पण स्वतःची सवय पुसायचं त्याच्या ध्यानातही येत नाही.

न्यायालयात नेताना गाडीत मला राहवेना. “अहो, लेबल अस्सल, सील हुबेहूब. मग यंत्राला कुंकू कशाला लावलंत?”

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “दसरा होता.”