भर पुरातला नावाडी

परवा एका छापखान्यावरून जाताना शाईचा वास आला आणि राजूरचा बाजार आठवला. त्र्याहत्तर साल असेल. मी तिथं एकटाच राहणारा शिक्षक. एका नावाड्याची चित्रकथा स्वतः काढून, सायक्लोस्टाइलच्या हातयंत्रावर प्रती काढून, दर महिन्याला एक अंक बाजारात विकायला बसायचो. शेजारी हिरडा विकणारा म्हातारा प्रत्येक अंक चाळून परत ठेवायचा. "गुरुजी, चित्रं लई झ्याक. पन अर्धी गोष्ट घिऊन काय करू? पुरी झाली की समदी एकदम घेतो." सगळ्यांचं तेच. चौथ्या अंकाला माझा कागद संपला; विक्रीच नाही, तर नवा घ्यायला पैसे कुठले? नावाडी भर पुरात होता. पुढच्या बाजारी म्हाताऱ्यानं आपणहून विचारलं, "झाली का पुरी?" "नाही," म्हणून मी जुने अंक आवरायला लागलो. शेवट मला केव्हाचा सुचला होता; खोलीवर तो ऐकायला कुणी नव्हतं.