सतराव्या प्रश्नाचं उत्तर

परीक्षा मंडळाच्या कचेरीत तिला सगळे आकडेताई म्हणत. मुलांची परीक्षा इतर घेत, ही प्रश्नांची घेई. ज्या मुलाला गणित जास्त येतं, त्याच्याकडून प्रश्न सुटण्याची शक्यता जास्त, असं तिच्या संगणकातलं प्रारूप धरून चाले. मुलांची खरी उत्तरं त्या अंदाजाशी जुळली की प्रश्न 'बसला'. बावीस वर्षांत हजारो प्रश्न तिच्या चाळणीतून गेले होते.

यंदा तिसरीच्या पेपरातला सतरावा काही केल्या बसेना. बाकी सगळं अचूक सोडवणारी मुलं नेमकी तिथेच आपटली होती.

'कुटुंबात पाच माणसं. दोघं कामासाठी परगावी गेली. कुटुंबात किती उरली?' उत्तर, तीन. काही निवडक शाळांत घेतलेल्या पूर्वचाचणीनंतर तिनेच तर तो मंजूर केला होता!

"काढून टाका आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले. "एका प्रश्नापायी कशाला जिवाला घोर?"

पण तिला चैन पडेना. तिने उत्तरपत्रिका उपसल्या. 'पाच' लिहिणारी बहुतेक मुलं बंदरालगतच्या एकाच शाळेतली निघाली. दुसऱ्या दिवशी ती तिथे जाऊन थडकली.

दोन वेण्यांची एक मुलगी, पेपरात तेवढंच एक चुकलेली, वर्गाच्या बाईंमागे अंग चोरून उभी राहिली.

"पाच कशी गं, बाळा?" आकडेताईने विचारलं.

"मग किती?" मुलगी गोंधळली. "माझे बाबा आणि काका जहाजावर असतात. आजी म्हणते, आपण पाच जण."

"आणि आत्ता घरात किती?"

"घरात होय? तीन. पण तुम्ही कुटुंबात विचारलंत ना?"

आकडेताई ओशाळली. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "तुझं बरोबर आहे गं. चुकलं माझंच."

परतल्यावर तिने टिपण लिहिलं: प्रश्न सदोष आहे, पूर्वचाचणीत बंदराकडची एकही शाळा घेतली नव्हती, जबाबदारी माझी, सतरावा सगळ्यांच्याच गुणांतून वगळावा.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग सही करता करता हळूच म्हणाले, "माझी लेक नोकरीला बाहेर गेली, त्याला चार वर्षं झाली. पण कुटुंबात किती जण असं कुणी विचारलं, की आमची ही अजून तिला धरूनच सांगते."

निकाल आठ दिवस लांबला. पालकांनी बोल लावले, वरून खुलासा मागवला गेला, तिच्यावर ठपका आला तो आलाच.  पुढच्या पूर्वचाचणीची यादी करायला बसली, तेव्हा बंदरालगतची शाळा तिने सगळ्यात वर लिहिली.