मनसारामची फळी

आम्ही डिझाइनवाले भेटलो की कामाचं कमी बोलतो, किस्सेच जास्त निघतात. भोपाळच्या एका कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमचं छोटंसं केंद्र होतं. आदिवासींच्या सोबत बसून डिझाइन करायचं, असं आमचं काम. हे किस्से सांगितले की लोक हसतात. मला हल्ली हसू येत नाही.

* * *

आमचे डायरेक्टर सर इंदूरचे. माणूस गोड, पण ऐकून घ्यायची सवय नाही. पहिल्याच दौऱ्यात आम्ही बैतूलकडच्या एका कोरकू गावात गेलो. तिथं माणूस गेला की त्याच्या नावानं सागवानी फळी कोरतात. वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार. विधी करून ती गावच्या झाडाखाली बसवली की तो पितरांत जातो. तोवर बिचारा भटकतो. एकदा बसवलेली फळी मग कुणी हलवत नाही.

सर कोरणाऱ्या सुखलालला म्हणाले, "एक हमें भी बना दो."

"किसके नाम की?"

"नाम नहीं, सैंपल."

सुखलालनं जरा विचार केला. "उसके लिए किसी को मरना पड़ेगा, साहब."

परतताना जीपमध्ये आम्ही पोट धरून हसलो.

* * *

मग वर्कशॉप. चिकट चिठ्ठ्यांवर गावाच्या गरजा लिहायच्या. सुखलालची बायको बुधिया म्हणाली, "लड़के को काम मिल जाए." सरांनी चिठ्ठीवर 'लाइव्हलीहूड' लिहिलं, भिंतीवर लावलं, फोटो काढला.

काम मिळालं बरं का. सरांनीच शब्द टाकला आणि तिचा मनसाराम ठेकेदाराकडे लागला, टाउनशिपची पाण्याची टाकी रंगवायला.

* * *

टाकीवरून पडला तो. टाउनशिपच्या दवाखान्यात म्हणाले, ठेक्यावरचा माणूस इथं चालत नाही, शहरात न्या. वाटेतच गेला. ठेकेदार म्हणाला, "बेल्ट दिया था, पहना नहीं." तो बेल्ट आमच्यापैकी कुणीच कधी पाहिला नव्हता.

* * *

सुखलालनं मुलाची फळी कोरली. सरांनी ती दोन दिवसांसाठी म्हणून मागून आणली आणि टाउनशिपच्या क्लबच्या हॉलमध्ये, आमच्या प्रदर्शनात, काचेआड लावली. विधीचा दिवस जवळ आला तसा सुखलाल ती न्यायला आला.

"दिल्ली से मेहमान आ रहे हैं," सर म्हणाले. "महीना भर रुक जाओ."

मी भांडले. "अहो सर, मुलगा आहे तो त्यांचा."

"मॅडम, कॅटलॉग छापून झालाय."

असा संताप आला होता मला. सुखलाल मात्र सरळ बसस्टँडकडे गेला.

* * *

विधीच्या दिवशी सकाळी क्लबच्या फाटकाशी मेटाडोर येऊन थांबली. आत काका, मामा, आत्या, ढोल, जेवणाचे डबे. गार्डनं अडवलं.

सुखलाल म्हणाला, "लड़का यहाँ है, तो हम यहीं आ गए."

गार्ड बाजूला झाला. काचेसमोर फरशीवर त्यांनी सगळं केलं, गाणी, मोहाची दारू, जेवण. बुधिया काचेला हात लावून रडत होती. मीही रडले.

पुढं प्रदर्शन संपलं. हॉलला लग्नाचं बुकिंग होतं. सरांनी गावी फोन लावला, "भाई, अपनी तख्ती ले जाओ."

"अब कैसे ले जाएँ, साहब?" सुखलाल म्हणाला. "वो तो वहीं बैठ गया."